रंधा मशीनचं टेबल बघायला गेलो तेव्हा

आप्पा, तुम्हाला सातपूरचा तो शेठ आठवतो का? ज्याच्या रंधा मशीनवर तुम्ही तांब्याभर पाणी ओतलंत, तो. मला तर अजून आठवतो. मी तेव्हा पंचवटीत एका मिस्त्रींकडे फर्निचरच्या कामाला होतो. हातरंधा मारून मारून खांदे निखळायची वेळ आली होती आणि डोक्यात एकच किडा होता, की आपलं स्वतःचं मशीन घ्यायचं. नवं घेण्याची ऐपत नव्हती. सातपूरला एक जुनं विकायचं आहे असं कळलं आणि मी तुम्हाला म्हणालो, चला सोबत. चूक तिथेच झाली. मला वाटलं, वडीलधारं माणूस बरोबर असलं की शेठ जरा नरमाईने बोलेल. तुम्ही मळ्यातून होतात तसेच निघालात, धोतराला चिखल, हातात पाण्याचा कॅन आणि वर उपडा घातलेला तांब्या, कारण बाहेरचं पाणी तुम्हाला चालत नव्हतं. लुनावर मागे बसून तुम्ही सातपूर येईपर्यंत मला गतिरोधक दाखवत होतात.

रंधा मशीन म्हणजे काय हे मी तुम्हाला वाटेतच सांगितलं होतं. एका रेषेत दोन लोखंडी टेबलं, मधल्या फटीत गरगर फिरणारं पातं. फळी पुढच्या टेबलावरून ढकलायची, पात्यावरून जाते, मागच्या टेबलावर निघते. टेबल सपाट तर फळी सपाट. टेबलालाच पीळ असेल, म्हणजे एक कोपरा वर आणि एक खाली, तर फळीलाही तोच पीळ बसतो, आणि मग त्या फळीचा चौरंग केला की चौथा पाय हवेत. म्हणून जुनं मशीन घेताना मोटर नंतर ऐकायची, रंग तर बघायचाच नाही, आधी टेबल बघायचं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "एवढंच ना? सपाट हाय का नाय ते बघायला काय लागतंय?"

टेबल बघून झाल्यावर मी शेठशी मोटरचं बोलत होतो. पाठीमागे खळ्ळ आवाज आला. वळून बघतो तर तुम्ही टेबलावर तांब्या रिकामा केलेला आणि वाकून पाणी कुठे जातंय ते बघताय. पाणी गेलं ते थेट एका कोपऱ्यात आणि तिथून धार धरून खाली शेठच्या चपलेवर. शेठ ओरडला, "ओ माळीबुवा, काय करताय काय! मशीन आहे ते, मेथीचा वाफा नाही!" तुम्ही ढिम्म. उलट त्यालाच सांगताय, "वाफा असता तर मी पोराच्या पाठीत रट्टा घातला असता. लय उतार हाय हो शेठ. ह्या कोपऱ्यात रोपं कुजतील आन त्या कोपऱ्यात वाळतील." तिथले कामगार खो खो हसत होते. मी अंगातला शर्ट काढून टेबल पुसत होतो, कारण उघड्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, पाणी लागलं की संध्याकाळपर्यंत गंज धरतो. शेठने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "न्या तुमच्या वडिलांना. मला विकायचं नाही."

परत येताना आपण त्र्यंबक रोडभर भांडलो. मी म्हणालो, उतार जमिनीला होता आप्पा, टेबल सपाटच होतं! आपल्या घराचं दार उभं आहे म्हणून ते वाकडं असतं का? पाणी फक्त उतार दाखवतं, पीळ नाही दाखवत! तुम्ही म्हणालात, "मग आधी जमीन बघायची." मी म्हणालो, जमीन विकत घ्यायची होती का आपल्याला? थोडं पुढे गेल्यावर म्हणालात, "हळू चालव." घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती चुलीपुढे भाकरी थापता थापता अशी हसायला लागली की भाकरीचे दोन तुकडे झाले. "शेठच्या चपलेवर?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारायची. तुम्ही खाली मान घालून मेथीची भाजी खात होतात आणि मधेच शांतपणे म्हणालात, "उतार हुताच पण." आप्पा, त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की तुमच्यासमोरचं ताट मी बाजूला सारलं. खोटं कशाला बोलू, तो राग पुरता गेलेला नाही. माणसाचा असा एक दिवस तुम्ही तांब्याभर पाण्यात बुडवलात.

पुढे बऱ्याच दिवसांनी तुम्ही बाजारातून येताना टेम्पोत एक जुनी सागवानी फळी टाकून आणलीत. कुठल्याशा पाडलेल्या दाराची होती. कुणाला तरी फ्लॉवरची गोणी देऊन घेतली म्हणालात. माझ्या पुढ्यात टाकलीत आणि विहिरीकडे निघून गेलात, "कर काय ते," एवढंच बोलून. माफी मागणं तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्या फळीची मी एक लांब सरळ पट्टी काढली. अशी पट्टी सरळ आहे का ते बघायची युक्ती सोपी असते. तिच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारायची, पट्टी उलटी करून त्याच रेघेला लावायची. रेघ आणि कड जुळली तर सरळ, नाहीतर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मा बाक. लाकूड हवेप्रमाणे हलतं, म्हणून दर वेळी आधी पट्टीची परीक्षा घ्यायची आणि मग पट्टीने दुसऱ्याची. ती पट्टी माझ्याकडे राहिली. मशीन मात्र राहिलं ते राहिलंच. आधी ताईचं लग्न, मग तुमचं आजारपण, मग तुम्हीच गेलात.

तुमच्यामागे मळ्याचं काय झालं ते तुम्हाला बघवलं नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. पाटाकडचा भाग आधी गेला, मग मधला. जिथे तुमची शेवंती असायची तिथे आता चार मजले उभे आहेत आणि गच्चीवर लोक कुरडया वाळवतात. राहिली फक्त विहिरीजवळची पट्टी. ते मजले बांधणाऱ्या बिल्डरला ती गाड्या लावायला हवी होती. दादाचं मत द्यावी असंच. दादा वाईट नाही आप्पा, त्याला रोज तेच तेच सांगायला बिल्डरची माणसं येतात आणि त्याच्या मुलीचं कॉलेज आहे. मी म्हणालो, माझा हिस्सा मी देणार नाही, मी तिथे वर्कशॉप टाकणार. दादा हसला. "वर्कशॉप टाकणार, वर्कशॉप टाकणार, हे मी लग्नाच्या आधीपासून ऐकतोय. तुझं म्हणजे बोलाचाच भात. एक काम कर. दसऱ्याला तिथे मशीन उभं करून पूजा करून दाखव. मी सही मागणार नाही. नाही झालं तर मुकाट्याने सही करायची." मी म्हणालो, ठरलं. बायको आतून ऐकत होती. रात्री एवढंच म्हणाली, "आता मागे फिरलात तर मीच बोलायची नाही तुमच्याशी."

तेव्हा दसरा तोंडावर आलेला. मी जुनी मशीनं बघत फिरत होतो. एकाचं टेबल मधोमध झिजून पाळण्यासारखं झालेलं, एकाला वेल्डिंगचा जोड आणि वर चकचकीत हिरवा रंग. एका दलालाने तर माझ्या हातातली सागवानी पट्टी बघून विचारलं, "मोजायला आलात की घ्यायला?" मी म्हणालो, मोजून झालं की सांगतो. शेवटी अंबडकडचं एक मशीन कळलं. मालक वारले होते, त्यांची बायको विकत होती. इंदिरानगरहून बसने येऊन ती शेडची कुलुपं उघडायची. गेलो तर दारातच म्हणाली, "भंगारवाला सकाळीच येऊन गेलाय. त्याला म्हटलं थांब, एक माणूस बघायला येतोय. माझ्या नवऱ्याचं मशीन आहे, तोडायला द्यायला जीव होत नाही." मी त्यांना काकू म्हणायला लागलो.

मशीन मागच्या शेडमध्ये होतं, वर गोणपाट. मी रॉकेलने टेबल पुसलं. मागच्या टेबलाच्या कोपऱ्यात नारळाच्या वाटीएवढा गंजाचा खड्डा-खड्डा डाग निघाला. काकू घाईने म्हणाल्या, "तो पूजेचा डाग आहे हो. खंडेनवमीला नारळ तिथेच फोडायचे, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून पाणी तसंच राहायचं." मी म्हणालो, काकू, खड्ड्याने काही बिघडत नाही, फळी त्याच्यावरून सरकून जाते. उंचवटा वाईट. तशा त्या जरा सैलावल्या. मी पट्टीची परीक्षा घेतली. मग चाक फिरवून पुढचं टेबल वर घेतलं, मागच्याच्या बरोबरीला आणलं, आणि पतंगाच्या कागदाच्या चिंधोट्या कापल्या. पट्टीखाली थोड्या थोड्या अंतराने कागद ठेवायचे आणि एकेक ओढून बघायचा. धरून बसला तर तिथे पट्टी टेकलीय. सुळकन निघाला तर खाली पोकळ आहे. लांबीत दोन्ही कडांना लावली, सगळे कागद धरलेले. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी लावली. मधला कागद सुळकन निघाला. दुसऱ्या तिरक्यावर लावली, तर मधला धरलेला आणि टोकाचे दोन्ही मोकळे. पीळ! चांगला ठसठशीत पीळ.

मी पुन्हा लावली. पट्टी पालटून लावली. तेच. काकूंना माझ्या तोंडावरूनच कळलं. "काय झालं?" मी सांगितलं, टेबलात पीळ आहे. त्या एकदम भडकल्या. "शक्य नाही! अख्ख्या नाशिकचे देव्हारे झालेत या मशीनवर. तुम्हाला भाव पाडायचाय तर सरळ पाडा, माझ्या नवऱ्याच्या मशीनला नावं ठेवू नका." दसरा जवळ आला होता, दुसरं मशीन नव्हतं, आणि दादाचा तो हसरा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी तिथेच एका ओंडक्यावर बसलो. डोकं गरम झालं होतं. आणि मला, आप्पा, देवाशप्पथ सांगतो, तुमचाच राग आला. म्हटलं, तेव्हा सातपूरचं घेतलं असतं तर आज ही वेळ आली नसती. ते टेबल सपाट होतं. नुसत्या जमिनीला उतार होता.

जमिनीला. मी ओंडक्यावरून खाली बघितलं. काकूंच्या शेडची फरशी भिंतीकडे उतरती होती. विचारलं तर म्हणाल्या, आधी इथे गोठा होता, मुताचा पाट भिंतीकडे काढलेला. मी मशीनच्या पायांशी आडवाच झालो. चार पाय, चार बोल्ट फरशीत गाडलेले. तीन पाय नीट बसलेले. चौथ्याखाली खरं तर जागा राहायला हवी होती, कारण फरशी तिथे खाली गेलीय. पण कुणीतरी तो नट जीव खाऊन आवळला होता. पाय ओढून ओढून जमिनीला टेकवला होता, आणि पायाबरोबर सगळा सांगाडा पिळला होता, आणि सांगाड्याबरोबर टेबल. मी काकूंना म्हणालो, पाना आहे का? त्या कपाळाला आठ्या घालून पाना घेऊन आल्या. नट गंजलेला, निघता निघेना. रॉकेल सोडलं, पान्यावर पाइप घालून जोर लावला. निघाला तेव्हा तो पाय जमिनीवरून टक्कन उचलला गेला. काकू दोन पावलं मागे सरल्या.

पुन्हा कागद मांडले. तिरकी पट्टी. मधला धरलेला. टोकांचे धरलेले. दुसऱ्या तिरक्यावर सगळे धरलेले. शेवटचा तर ओढताना फाटला. मी उठून उभा राहिलो. मी तोंड मिटून घरी गेलो असतो, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून हेच मशीन मातीमोल भावाने उचललं असतं. पण ते तेव्हा सुचलं नाही आणि नंतर सुचलं तरी बरं वाटलं नाही. मी म्हणालो, काकू, टेबल सरळ आहे. नुसता बोल्ट जास्त आवळलेला. मशीन इथे कुणी बसवलं?

त्या टेबलाला हात लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आधी पुढच्या शेडमध्ये होतं. ती भाड्याने दिली तेव्हा हमालांनी इथे आणून ठोकलं." मग म्हणाल्या, "इथे आणल्यापासून त्यांचे सांधे जुळेनात. चष्मा बदलला. मग म्हणायला लागले, माझा हात गेला. देव्हाऱ्याची गिऱ्हाइकं परत पाठवली. मशीनला कधी दोष दिला नाही हो त्यांनी, म्हणायचे मशीन कसं खोटं असेल, मीच म्हातारा झालो. शेवटी शेवटी तर इकडे फिरकायचे पण नाहीत." मी म्हणालो, काकू, त्यांचा हात नव्हता गेला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्या हमालांना अशी एकेक शिवी हासडली की मी खालीच बघत राहिलो. मग पदराने टेबल पुसायला लागल्या. चांगल्या साडीचा पदर, सगळा तेलाने आणि गंजाने काळा झाला. मी थांबवलं नाही.

मग म्हणाल्या, "आता मी भंगाराच्या भावात देणार नाही." बघा! खरं बोलल्याचं बक्षीस, भाव वाढला. मी म्हणालो, देऊ नका, मला मशीन म्हणूनच हवंय. "काय करणार याच्यावर?" पाट, चौरंग, पोळपाट, आणि जमलं तर देव्हारे. त्या म्हणाल्या, "जमलं तर काय? जमवायचं." सौदा झाला.

विहिरीजवळच्या पट्टीवर मी आधी कोबा घातला. तो घालताना पाण्याची पातळी लावून लावून गवंड्याला इतका पिडला की तो म्हणाला, "भाऊ, इथं काय स्केटिंग करायचंय का?" मशीन ठेवलं, पायांखाली पत्र्याचे तुकडे घातले, बोल्ट नुसता हाताने फिरवला, कागद मांडले, मग पान्याने थोडा आवळला, पुन्हा कागद मांडले. दादा खंडेनवमीला आला. नारळ मी जमिनीवर फोडला. टेबलाखाली वाकून दादाने उगाच काहीतरी बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, "ह्याच्यावर फळी खरंच सपाट होते?" दुसऱ्या दिवशी मी दोन फळ्यांच्या कडा रंधून एकमेकींवर उभ्या धरल्या आणि त्याला म्हटलं, उजेडाकडे बघ, मधून प्रकाश येतो का? त्याने एक डोळा मिटून बघितलं. म्हणाला, "नाय येत." सहीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. बिल्डरला त्यानेच सांगितलं की तिकडे आमच्या धाकट्याचा कारखाना आहे.

घरी येणारी पत्रं तुम्हाला मीच वाचून दाखवायचो, आणि मामांच्या पत्रातलं कडू कडू तेवढं गाळायचो. हे पत्र वाचून दाखवायला कुणी नाही, म्हणून काही गाळत नाही. अंबडच्या त्या शेडमध्ये पैसे दिल्यावर काकूंनी मला विचारलं होतं, "बोल्टचं कुठून कळलं तुम्हाला? कुणी शिकवलं?" मी म्हणालो, वडिलांनी. "मिस्त्री होते?" आणि मी म्हणालो, हो, मोठे मिस्त्री होते. तुम्ही, आप्पा! ज्यांना साधा खिळा ठोकता येत नव्हता, जे सातपूरला साफ चुकले होते. ते खोटं आता अंबडपासून पंचवटीपर्यंत पसरलंय आणि मी ते दुरुस्त करणार नाही. तुम्हाला वाटेल, मळेवाला बाप सांगायची पोराला लाज वाटली. तसं नाही. बाप माळी होता आणि त्याने मशीनवर पाणी ओतलं, असं सांगायला गेलो असतो तर त्या बाईपुढे मला रडू आलं असतं.